अतियातचं रक्त निर्मळ झालं

नाईल नदीच्या मुखाकडच्या त्या गावात पन्नाशीचा माणूस भेटला, की लोक आधी त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा आहे का ते बघत. फार वर्षांपूर्वी कालव्याच्या पाण्यातून होणाऱ्या रोगावर औषध म्हणून सगळ्यांना त्याच त्याच सुयांनी टोचलं होतं. तो रोग हटला, पण सुयांवाटे यकृत खाणारा विषाणू घरोघर शिरला. भाकऱ्या भाजून विकणाऱ्या अतियातचे वडील त्यानेच गेले, मग नवराही.

गावच्या शाळेत या विषाणूची सरकारी तपासणी आली तेव्हा परिचारिका रीहामने अतियातच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. विषाणू निघालाच.

"ठाऊकच होतं. कफन शिवून ठेवलंय मी," अतियात म्हणाली.

"राहू दे ते पेटीत, मावशी. तीन महिने रोज गोळी घ्यायची."

"गोळी? माझ्या नवऱ्याला यावरच वर्षभर औषध टोचलं. त्याच्या तापाने नुसता कुडकुडायचा. तरी गेलाच ना!"

पण तिने गोळ्या घेतल्या. पुढे पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा रीहाम हसतच बाहेर आली. "मेला तुझा विषाणू!"

अतियातने विचारलं, "कुणी गं शोधलं हे औषध?"

"एकट्याने नाही. कुणी विषाणू हुडकला, कुणी तो कसा वाढतो ते पाहिलं, कुणी गोळी केली. देशोदेशीची माणसं. कित्येक जण एकमेकांना भेटलेसुद्धा नसतील."

"आणि मला ओळखतही नाहीत?"

"कुठून ओळखणार?"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांनी आपल्यासाठी आयुष्यं वेचली! त्यांच्यासाठी दुवा मागायची, तर नावं तरी कुणाची घ्यायची?

तिथून ती तडक चहाच्या दुकानात गेली. तिथे तिचा थोरला भाऊ मेतवल्ली हुक्का ओढत बसला होता. त्यालाही रक्त तपासून घ्यायला तिने सांगितलं.

"मला काही झालेलं नाही," तो गुरगुरला.

"अब्बाही हेच म्हणायचे. सुईला भितोस म्हण की, दादा!"

सगळे खो खो हसले. मेतवल्ली ताडकन उठला आणि हसणाऱ्यांनाही हाताला धरून घेऊन निघाला. शाळेच्या अंगणात इमाम, नावाडी, काखेत बदक घेतलेली म्हातारी, सगळे एका रांगेत बोट पुढे करून उभे राहिले. अतियात तोंडावर हात ठेवून बघतच राहिली. इतक्या माणसांना एकाच वेळी जगायची आशा धरताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

मेतवल्लीच्या रक्तातही विषाणू निघाला; गोळ्या घेऊन तोही बरा झाला. पुढच्या वर्षी साठीतल्या त्या माणसाने कालव्याकाठी आंब्याची रोपं लावली.

"फळं कोण खाणार रे?" कुणीतरी टोमणा मारला.

"मीच," तो म्हणाला.