फाइलच्या डोक्यावरचं नाव

मंडळी, आज मी सूड घेतला आणि मला अजिबात लाज वाटत नाहीये.

आमच्या देवासच्या ऑफिसात एका कारखान्याच्या स्टॉकचं वेब ॲप्लिकेशन जावा भाषेत बनतंय. त्यातल्या तक्त्याला नोंदी पुरवणारा कोड, म्हणजे डेटा मॉडेल, मी लिहिलं. हजारो नोंदींतून पानावर दिसतील तेवढ्या वीसच आणायच्या, पण सॉर्ट, म्हणजे क्रम लावणं, मात्र सगळ्यांवर करायचं. आमच्या टीम लीडनी, म्हणजे इकडच्या बोलीत भियांनी (भैयांनी), सॉर्टच्या ओळी "फालतू है" म्हणून उडवल्या. वर फाइलच्या डोक्यावरचं माझं नाव पुसून स्वतःचं टाकलं.

आज डेमोत कारखान्याच्या मॅडमनी "सगळ्यात कमी स्टॉक आधी" असं क्लिक केलं. समोरचे वीसच पार्ट खालीवर झाले. पार संपलेला पार्ट पुढच्या कुठल्यातरी पानावरच राहिला.

"ये किसने लिखा है?" मॅडमनी विचारलं.

भियांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी गोड आवाजात म्हटलं, "मॅडम, लिखनेवाले का नाम फाइल में सबसे ऊपर रहता है." आणि मोठ्या पडद्यावर फाइल उघडलीच.

संध्याकाळी, एरवी "ए सुन" म्हणणारे भिया माझ्या टेबलाशी आले. "दीदी, वो पुरानी लाइनें रखी हैं क्या?"

आहेत की! पण इतकी फालतू वस्तू भियांना द्यायची कशी, तुम्हीच सांगा.