जाहीरनाम्यातले रिकामे घर

शाळेतून येताना कचेरीच्या भिंतीवर लिलावाचा जाहीरनामा वाचला. गहाणाच्या कर्जापोटी जप्त केलेले घर. ‘कौलारू, पडवीसह, विहीर एक, माड बारा, रिकामे.’ आमच्या घरमालकाने पावसाळ्याआधी खोल्या सोडा म्हणून बजावले होते. बारा माडांत माझा जीव अडकला.

रविवारी घर पाहायला गेलो. माड सात निघाले. विहीर कुंपणापलीकडची, शेजाऱ्याची. आणि पडवीत एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती.

“कोण पायजे?”

“शाळेत मास्तर आहे. या बाजूला भाड्याने घर मिळेल का बघतोय,” मी म्हणालो. तोंडाला आले ते.

“बसा मास्तर. आमच्या घरचं पानी तुमाला चालायचं नाय,” ती हसून म्हणाली आणि कोयत्याने शहाळे सोलून दिले.

बोलता बोलता तिनेच सांगितले. नवरा तांडेल होता, गलबतावरच तापाने गेला. “भाऊ बुरोंडीला हाय, पैसं जमवतोय. कोर्टाची तारीख लागली की तो येनार.”

तारीख लागली होती. येत्या गुरुवारची. भावजयीच्या बाळंतपणासाठी ती महिनाभर बुरोंडीला होती. त्याच दिवसांत बेलिफाने येऊन दवंडी पिटली असणार, दाराला कुलूप पाहून कागद चिकटवला असणार आणि जप्तीच्या यादीत ‘रिकामे’ लिहिले असणार. कागद वाऱ्याने गेला होता; दारावर खळीचा डाग तेवढा उरला होता. मी त्या डागाकडे पाहत शहाळे संपवले आणि काही न सांगता उठलो.

गुरुवारी कचेरीच्या ओट्यावर सातआठ गिऱ्हाइके जमली. मी सारखा रस्त्याकडे पाहत होतो, ती येते की काय म्हणून. बोली चढत गेली. माझी ऐपत संपत आली तेव्हा एका आंब्याच्या व्यापाऱ्याने विचारले, “घर खरंच रिकामं आहे ना?”

“यादीत तसंच आहे,” बेलिफ म्हणाला.

“यादी राहू दे. डोळ्यांनी कोणी पाहिलंय?”

“मी पाहिलंय,” मी म्हणालो. “विधवा बाई राहते. सहजासहजी निघायची नाही.”

“म्हणजे घराबरोबर भांडण फुकट! घ्या मास्तर, तुम्हालाच लखलाभ!”

सगळे हसले. पुढे कोणी बोलेना. बोली माझ्यावर थांबली.

खरे बोलून इतके वाईट मी दुसरे काही केलेले नाही. जे तिला सांगायचे, ते मी तिच्या घराच्या गिऱ्हाइकांना सांगितले.

घरी बायकोने विचारले, “तिथे राहतं कोण?” मी सांगितले. “तिला लिलावाचं ठाऊक होतं?” मी हातपाय धुवायला गेलो. त्या दिवशी मला वाढून झाल्यावर ती जेवायला बसली नाही.

लिलावानंतर तीस दिवसांत कर्ज आणि वर खरेदीदाराची भरपाई कोर्टात भरली, तर लिलाव रद्द होतो. मला हा कायदा माहीत होता. अकरा दिवस मी तो माझ्यापाशीच ठेवला. दिवस असेच जावेत असे मनातून वाटत होते, हेही आता लिहून टाकतो. बायको त्या अकरा दिवसांत कामापुरतेच बोलली. बाराव्या दिवशी मी गेलो.

“तुमच्या घराचा लिलाव झाला. मीच घेतलंय,” मी म्हणालो आणि तीस दिवसांचे सांगितले.

तिच्या हातातली केरसुणी तशीच राहिली. “त्या दिवशी आलात, तवा ठाऊक होतं?”

“नाही,” मी म्हणालो. “तेव्हा काही ठाऊक नव्हतं.”

मुदत संपायला दोन दिवस असताना तिचा भाऊ बुरोंडीहून पैसे घेऊन आला. कोर्टात त्याने माझे दोन्ही हात धरले आणि कारकुनाला म्हणाला, “सोता घेतलेलं घर, नि सोताच सांगत आला! असा मानूस नाय बगितला.”

कारकुनाने भरपाईचे पैसे माझ्यापुढे ठेवले आणि पावतीवर माझी सही मागितली. नको म्हणायचे तर का नको, हे त्याच्यासमोर सांगावे लागले असते. भावाने दौत माझ्याकडे सरकवली. मी सही केली.