रिकामा रकाना

चौक गावाहून सुटणाऱ्या आमच्या रोजच्या बसमध्ये एक मुलगी नर्सिंगचा अभ्यास मोठ्याने पाठ करते. कंडक्टर हसला, तर त्याच्याच हातात वही देते. "घ्या, विचारा."

परवा वॉर्डात तिला सहा रुग्णांची नाडी मोजायची होती. पाच झाल्या; सहाव्या आजी एक्स-रेला गेल्या होत्या.

सिस्टर म्हणाल्या, "सकाळचाच आकडा टाक. सगळ्या टाकतात."

"मोजली न्हाय, तर लिहू कशी?"

तिने रकाना रिकामा ठेवला. सिस्टरनी तिच्या ड्यूटीवर सही केली नाही. आता ती ड्यूटी रविवारी पुन्हा करायची, आणि सोमवारी परीक्षा.

बसमध्ये तिच्याकडून हे ऐकून मी भडकलो. "हा अन्याय आहे. तक्रार कर, अर्ज मी लिहितो."

"अर्ज नको, दादा," ती म्हणाली. "रविवारपर्यंत आजींना घरी सोडू नये, येवढंच. त्यांची नाडी ऱ्हायलीय."