उंटासमोरचा ताणा

आमच्या गल्लीत किस्से जमवावे लागत नाहीत. मागाखाली तुटक्या सुताचा गुंता आपोआप साचतो, तसे ते साचतात. झाडून टाकले तरी एखादा पदराला चिकटून घरात येतोच. आणि तलावाकाठी तो उंट येऊन बसल्यापासून तर झाडणंही सोडून दिलं.

उंट म्हणजे बिल्डिंग. आमची कोष्ट्यांची गल्ली, तिच्यामागं तलाव, आणि तलावाच्या काठी कापडाची गिरणी. माझे मालक तिथंच कामाला होते. गिरणी बंद पडली, चिमणी पाडली, आणि एका शेठनं त्या जागी फ्लॅटची अशी उंच बिल्डिंग उभी केली, की बघायला धरमपेठेतून लोक रिक्षा करून यायचे. बाल्कनीतून तलाव दिसतो म्हणून तिचा भाव होता. शेजारची सुमन मान वर करून बघत म्हणाली, "उंटच दिसते वं. पाय पाण्यात अन् तोंड आभायात." तेव्हापासून सगळ्या गल्लीसाठी तो उंटच.

गिरणीची भिंत आणि तलाव यांच्यामध्ये एक लांब, सरळ पट्टी होती. तिथं आम्ही ताणा घालायचो. ताणा म्हणजे लुगड्याचं उभं सूत. मागावर चढवायच्या आधी ते सगळं लांबच्या लांब ताणायचं, कुंच्यानं खळ लावायची आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवायचं. हे घरात होत नाही. घर तेवढं लांब असतं तर आम्ही विणत कशाला बसलो असतो, विकत घेऊन नेसलो नसतो?

शेठनं कंपाउंड घातलं आणि पट्टी आत गेली. गिरणी गेली तेव्हा मालक घरी बसले. पट्टी गेली तेव्हा माझा माग बसायची वेळ आली. घरात तेवढंच एक चालतं राहिलं होतं.

* * *

उमाजीभाऊ गिरणीच्या फाटकावर जमादार होते. उंटाच्या फाटकावर शेठनं त्यांनाच ठेवलं. फाटकही जुनंच होतं, फक्त रंग नवा.

पहिल्याच सकाळी चौथ्या मजल्यावरचे इंजिनियर साहेब ऑफिसला निघाले. हातात डबा. उमाजीभाऊंनी काठी आडवी धरली.

"थैली उघडा साहेब."

"का?"

"भायेर निघतानी झडती असते."

गिरणीत तशी असायची. कोणी सुताची लडी लपवून नेऊ नये म्हणून. साहेब वैतागले. म्हणाले, "अहो, मी माझ्या स्वतःच्या घरातून निघालोय."

उमाजीभाऊंनी डब्याचं झाकण उचललं, भाजी बघितली आणि म्हणाले, "सगळे असंच सांगते."

* * *

सुमन सहाव्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंकडे भांडी घासायची. लिफ्टजवळ पाटी होती, कामवाल्या बायांनी जिन्यानं जावं. सुमनचा गुडघा दुखरा. तिनं विचारलं तर डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, जिना चढल्यानं तब्येत चांगली राहते."

सुमन म्हणाली, "मंग लिफ्ट बिमार लोकाईसाठी आहे का बाई?"

त्याच आठवड्यात लाइट गेली. सुमन गुडघा धरून चढत होती, तर मधल्याच कुठल्या तरी ठिकाणी लिफ्टमधून धडधड ऐकू आली.

"कोन आहे वं अंदर?"

"मी, चौथ्या मजल्यावरचा."

हे इंजिनियर साहेब वीज तयार करायच्या कारखान्यात होते, हे साऱ्या उंटाला माहीत होतं. त्यांनीच सांगितलेलं.

"तुम्हीच लाइट बनवता न साहेब?" सुमननं विचारलं.

"हो. पण आता काय त्याचं?"

"मंग बसा आरामात. बनली का निंघता येते."

आणि ती पुढं चढून गेली. वरून उमाजीभाऊंना हाका मारल्या, ते खरं. पण भांडी झाल्यावर.

* * *

उन्हाळ्यात उंटाची पाण्याची मोटर जळाली. बाल्कनीतून तलावभर पाणी दिसायचं आणि नळातून शिट्टी वाजायची. दोन दिवस दम धरला, तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई बादली घेऊन आमच्या बोरिंगवर आल्या. आल्या त्या थेट पुढं, हंड्यांच्या रांगेकडे न बघता.

रांगेत सुमन होती. म्हणाली, "बाई, लाइन तिकून मागून आहे. चाला थोड्या. चालल्यानं तब्येत चांगली रायते."

डॉक्टरीणबाई बादली उचलून मागं गेल्या. त्यांची पाळी आली तेव्हा हापसा त्यांना जमेना. सुमननंच हापसून दिलं आणि बादली वर नेली. लाइट होती. या खेपेला दोघी लिफ्टनं गेल्या. पाटी होती तिथंच होती.

* * *

पट्टी गेल्यावर मी ताणा सडकेवर घातला. दुसरं करणार काय? मालकांनी सूत तोलायला बांबूच्या कैच्या, म्हणजे फुलीसारखे टेकू, रोवले, सुमन आणि मी खळ लावायला घेतली.

आमच्यात ताण्याची एक रीत आहे. ताणा कोणी ओलांडायचा नाही आणि मध्येच उचलायचाही नाही. पलीकडे जायचं असेल तर वाकून खालून जायचं, मग तो पाटील असो की पोलीस.

तेवढ्यात उंटाच्या अर्धवट राहिलेल्या वरच्या मजल्यांसाठी फरशी घेऊन ट्रक आला. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला.

"बाई, हटाओ ये धागा!"

मी म्हटलं, "वाकून जा."

"ट्रक कैसे झुकेगा?"

"मंग चाल्ला काहून इकडून?"

तो शिव्या देत मागं फिरला, तलावाला वळसा घालून गेला. इथवर गंमत. पण त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला, आणि त्यांनी उडवलेली सगळी धूळ ओल्या खळीवर बसली. मागावर घेतलं तर सूत टचाटच तुटायला लागलं. एक लुगडं त्या धुळीत गेलं.

मालक म्हणाले, "माग इकून टाकू."

मी म्हटलं, "तुमची चिमणी पडली म्हनून माहा माग पाडता का?"

ते माझ्यासमोर बसून सुतातले खडे वेचायला लागले. मलाही पुढं काय ते सुचत नव्हतं. सडकेवर दुसरा ताणा घालायची माझी छाती नव्हती, आणि ताण्याशिवाय माग म्हणजे नुसती लाकडं.

* * *

आणि एक दिवस शेठ स्वतः आमच्या दारात. मोटार गल्लीत शिरेना म्हणून पायी, चपलेला शेण लागलेलं. वरचे मजले पुरे झाल्यावर बिल्डिंगची राहिलेली वास्तुपूजा होती, मोठे पाहुणे येणार होते, आणि त्यांच्या आईनं हट्ट धरला होता: देवीला लुगडं चढेल तर हातमागाचं, याच गल्लीतलं. गल्लीत माग उरला होता माझा एकटीचा.

"होईल का?" शेठ म्हणाले.

"लुगडं होते. पन ताणा कुठी घालू? तुमच्या डोक्शावर?"

मालकांनी कपाळाला हात लावला. शेठ म्हणाले, "जागा सांगा तुम्ही." मी कंपाउंडकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाजीभाऊंनी फाटक सताड उघडलं. आम्ही फाटकापासून तलावाच्या टोकापर्यंत, जुन्याच जागेवर ताणा घातला. फक्त आता त्या जागेच्या एका बाजूला मोटारी उभ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला सडक.

खळ लावून होते न होते तोच साहेब लोक खाली उतरले. हॉर्न सुरू झाले. उमाजीभाऊ काठी टेकून उभे. "ताणा वला आहे. मोटार राहू द्या, मानसं वाकून जा."

इंजिनियर साहेब डबा छातीशी धरून वाकले. डॉक्टरीणबाईंचे मिस्टर वाकले, त्यांचं पोट अडलं, सुमननं मागून ढकललं. एकेक करून उंटाचे सगळे मजले ताण्याखालून गेले.

मग शेठची मोटार आली. आत आई. शेठ उतरून म्हणाले, "अर्धा घंटा बाजूला घ्या. पूजेचं बोलायला पाहुणे इथंच येऊन राहिले."

"वला ताणा हालवला तं तुटते," मी ताण्याचं टोक हातात धरूनच म्हटलं. "लुगडं पाह्यजे का रस्ता, ते सांगा."

शेठ तापले. तेवढ्यात म्हातारी मोटारीतून उतरली. पदर खोचला, वाकली, हळूहळू खालून इकडे आली आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली. सुताला बोट न लावता टोकापर्यंत बघत राहिली.

"आंधीही इथंच घालत होत्या का वं?"

"इथंच."

"भिंत कोनं घातली?"

मी शेठकडे बघितलं. उमाजीभाऊंनीही बघितलं.

म्हातारी म्हणाली, "मंग फाटक उघडंच ठेवत जा गा जमादार, या बायाईचा ताणा असला का." आणि पोराला म्हणाली, "उभा काय? हात धू अन् टोक धर. त्या बाईचे हात भरून आले."

माझे हात काही भरून आले नव्हते. पण मी टोक देऊन टाकलं.

पाहुणे आले तेव्हा शेठ ताण्याच्या टोकाशी उभे होते. बाह्या वर, कोपरापर्यंत खळ, कपाळावरून घाम, आणि पुसायला हात मोकळा नाही. पाहुणे फाटकातच थबकले. उमाजीभाऊंना म्हणाले, "शेठ कुठं आहेत? आणि हा टोक धरून कोण उभा आहे?"

उमाजीभाऊंनी नीट निरखून बघितलं.

"नवा मानूस आहे साहेब," ते म्हणाले. "शिकून राह्यला."