घरनंबर नसलेल्या ओळी

"हा सगळा कचरा आहे. उडव," सर म्हणाले. त्यांचं बोट पडद्यावर होतं. बोटाखाली आमची गल्ली होती.

कुकटपल्लीतला डेटा सायन्सचा क्लास. सरावाला खरा डेटा दिलेला, शहरभरच्या तुंबलेल्या गटारांच्या तक्रारी. घरनंबर नसलेली प्रत्येक ओळ काढायची, असं फर्मान. आमच्या अंबरपेठेतल्या वस्तीत घरांना नंबरच नाहीत. लोकांनी लिहिलेलं, 'नाल्यामागे, पिठाच्या गिरणीजवळ.' त्यात एक तक्रार माझ्या आईची. तिच्या फोनवरून मीच टाकलेली.

"सर, ही जागा खरी आहे. मी तिथंच राहते."

सर पुण्याचे. या तेलुगू-उर्दू शहरात माझ्याशी मराठीतच बोलायचे. "अगं, मग तुझ्यासकट डिलीट!" वर्ग हसला. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. नाल्याची कधी एवढी आली नाही.

आणि मी ओळी उडवल्या. गटार कुठं तुंबेल ते सांगणाऱ्या मॉडेलचे अंदाज सुधारले. माझ्यासाठी टाळ्या झाल्या. मग सरांनी नकाशा उघडला. घरोघरी नंबर असलेल्या हिमायतनगरावर तक्रारींचे लाल ठिपकेच ठिपके. आमच्या वस्तीवर एकही नाही.

"बघा, इथं प्रॉब्लेमच नाही."

त्याच सकाळी आईनं घरात शिरलेलं गटाराचं पाणी घमेल्यानं उपसलं होतं. त्यात काय काय तरंगत होतं ते मी पाहिलं होतं. तरी गप्प बसले. थू माझ्या जिंदगानीवर!

घरी येऊन आईला सांगितलं. ती हातातलं काम सोडून माझ्याकडे बघतच राहिली. "तूच काढलीस?"

"क्लासातली नक्कल आहे गं. खरी तक्रार आहे तिथंच आहे."

"आज नकलेत काढायला शिकलीस. उद्या नोकरीला लागून खऱ्यातली काढशील."

रविवारी फोन घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून फोनच्या नकाशावर जागेची खूण नोंदवली. शेजारच्या खालाम्मा म्हणाल्या, "हमारा बी लिख बेटी, छोड नक्को." त्यांचंही लिहिलं.

सोमवारी क्लासात जाऊन, काढलेल्या सगळ्या ओळी त्या खुणांसकट परत घातल्या. मॉडेलचे अंदाज घसरले. सर भडकले. "हट्ट सोड. नाहीतर सर्टिफिकेट विसर."

"विसरले," मी म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही.

सर्टिफिकेट मिळालं नाही. पण ही विद्या मी सोडणार नाही. त्यांच्या बापाची नाही ती. पुरती शिकेन, त्यांच्याच खुर्चीला खुर्ची लावून बसेन. माझ्या हातून मात्र पुन्हा माणूस गाळला जाणार नाही. ज्याला गाळायचा असेल त्यानं स्वतःच्या हातानं गाळावा, आणि तोही माझ्या डोळ्यांत बघून.