चिकूच्या शेडमधला क्लास

बालवाडीच्या बाई सहज म्हणाल्या, "ओवी महिनाभरात वर्गात एक शब्दही बोललेली नाही हं," आणि माझी झोप गेली ती गेलीच. घरी ही चार वर्षांची मुलगी कोंबड्यांनाही बोलू देत नाही. त्यात मी जागतिक मानसिक आरोग्याचा ऑनलाइन कोर्स करतेय आणि पुढचा धडा नेमका लहान मुलांच्या मनाचा. असा कोर्स करणाऱ्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. पेटीतल्या चिकूंसारखे ते आपलं लक्ष नसताना पिकत राहतात.

*

घोलवडच्या आमच्या घरात रेंज येत नाही, चिकूच्या वाडीतल्या पॅकिंग शेडमध्ये येते. म्हणून क्लास तिथे, ओवी मांडीवर. मॅडम सगळ्यांना म्यूट करतात आणि नाव घेऊन एकेकाला बोलायला सोडतात. ओवी शहाण्यासारखी तोंडावर बोट ठेवून बसते.

एकदा माझी पाळी आली आणि मागे चिकटपट्टी चर्रकन ओढली गेली. केनियातल्या एका नर्सने विचारलं, "हा आवाज कसला?"

"चिकूच्या पेट्या बंद करतायत."

"चिकू म्हणजे?"

मी सांगत सुटले. खरबरीत साल, गुळासारखा गर, चकचकीत काळी बी, ऊन उतरलं की वाडीभर सुटणारा वास. माझा विषय होता 'दुःखाचं मोजमाप'. तो राहूनच गेला.

मॅडम म्हणाल्या, "आज इथेच थांबू. मला थोडा वेळ त्या झाडाखाली बसू दे."

*

मग असाइनमेंट आली: एका माणसाचं पंधरा मिनिटं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, रेकॉर्ड करून पाठवायचं. मी पेट्या भरणाऱ्या जशुबेनना बसवलं. त्यांचा मुलगा वापीला कंपनीत लागलाय, फोन करत नाही. त्या बोलत होत्या, मी पुस्तकात लिहिलंय तशी मान हलवत होते. सातव्या मिनिटाला त्या थांबल्या.

"भाभी, तब्येत बरी नाय का? एवढी गप कशी?"

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि मी ओवीचं सगळं सांगून टाकलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चिकू निवडत बसून राहिल्या.

मॅडमचा शेरा आला, "ऐकणारी व्यक्ती फारच छान. त्यासुद्धा कोर्सला आहेत का?"

*

कोर्सच्या सर्व्हेला तलासरीच्या एका पाड्यावर गेले. गुडघाभर चिखलात भाताची आवणी चालली होती. बांधावर उभी राहून मी एका आजीला छापील प्रश्न विचारला, गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही, असं झालं का?

आजीने भाताची रोपं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आवणी होऊ दे. मंग ये, मंग सांगन." चार रोपं लावून तिने वर पाहिलं. "न् तुला कोण इचारतं हे?"

फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

*

सासूबाईंचं म्हणणं, मी नवा धडा वाचला की घरात नवा पेशंट सापडतो. नवरा दोन दिवस कमी जेवला तर त्याला उदासी, त्या स्वतः दोनदा कडी तपासतात म्हणून त्यांना चिंतारोग.

"आज कुठला धडा आहे ते सकाळीच सांगत जा," त्या म्हणाल्या, "म्हणजे तसं वागायला बरं."

मी म्हटलं, "लहान मुलांचा आहे."

त्यांनी पुस्तक उचललं आणि तांदळाच्या डब्यावर ठेवून दिलं. "मग हा राहू दे. पोरीला रोज खोदून खोदून विचारतेस, तेही राहू दे. बस नुसती तिच्याजवळ."

*

बसले. शेडमध्ये, क्लास संपल्यावर. मजूर गेले होते, वटवाघळं वाडीवरून एकेक करून निघाली होती आणि चिकूच्या वासाने डोळे जड झाले होते. शाळेत काय झालं, बाईंशी का बोलत नाहीस, रोजचे सगळे प्रश्न जिभेवर होते. जशुबेनसारखी चिकू निवडत राहिले.

ओवीने बारके चिकू रांगेत मांडले. समोर एक मोठा ठेवला, तो बाई. मग रांगेतल्या शेवटच्या चिकूशेजारी स्वतः मांडी घालून बसली, तोंडावर बोट ठेवून. बराच वेळ. मी पुढचा चिकू उचलला.

शेवटी तिनेच बोट काढलं.

"आई, बाई मला अनम्यूट कधी करणार?"