टक्क्यांना वेगळं करणारे झंवर सर

झंवर सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या त्यांच्या संगणक वर्गात. मी एका बियाणे कंपनीत नुकतीच प्रोग्रॅम लिहायला लागले होते आणि सरांनी तेव्हा नवी असलेली स्काला ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला घेतली होती. ही भाषा शिकायला इथं कोण येणार, असं लोक विचारत. आम्ही मूठभर आलो. सरांना तेवढे पुरले.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'व्हॅल' आणि 'व्हार' लिहिलं. नाव दिलेली किंमत व्हॅलमध्ये ठेवली ती ठेवली, व्हारमधली बदलता येते. नावापुढे दोन ठिपके देऊन प्रकार लिहायचा: पूर्णांक, अक्षरं, खरं-खोटं. 'डेफ'नं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा तुकडा, लिहायचं आणि ते काय घेणार, काय परत देणार हे आधीच सांगून टाकायचं. सरांचा एक नेम होता. कीबोर्डला हात लावण्याआधी प्रत्येकानं आपल्या प्रत्येक नावाचा प्रकार मोठ्यानं म्हणायचा. पाढ्यांसारखा गलका होई, खालचा चहावाला हसे. मी तर जाम वैतागत असे.

पेरणीच्या तोंडावर कंपनीत कसोटी लागली. बियाण्याचा कोणता लॉट बाजारात जाणार हे आमचा प्रोग्रॅम ठरवणार होता. तो माझे सहकारी संतोष यांनी लिहिला होता. सगळे लॉट पास झाले, ट्रक भरू लागले. त्यातलीच सरकी शहागडला माझ्या वडिलांच्या शेतात पडणार होती. मला चैन पडेना. एकही लॉट नापास कसा नाही? मी सरांना बोलावून आणलं.

बियाण्याची शुद्धता आणि उगवण, दोन्ही टक्के साध्या पूर्णांकात ठेवलेले होते.

"दोन्ही टक्केच, हे बराबर," सर म्हणाले. "पण हा टक्का अन् तो टक्का एक न्हाई. दोघांचे वेगळे प्रकार करा, मंग बघू."

"सर, प्रोग्रॅम बिलकुल चालून राह्यला ना! ट्रक खोळंबलेत," संतोष कुरकुरले.

"खोळंबू द्या. पेरल्यावर काय थांबवणार?"

आम्ही शुद्धतेचा एक आणि उगवणीचा एक, असे दोन केस क्लास, म्हणजे दोन स्वतंत्र प्रकार, लिहिले. प्रोग्रॅम चालण्याआधी तपासणाऱ्या कंपायलरनं लगेच एक ओळ अडवली. फंक्शनला उगवण हवी होती आणि तिथं शुद्धता जात होती; ती सगळ्याच लॉटची चांगली होती, म्हणून सगळेच पास होत होते. ओळ दुरुस्त केली आणि कमी उगवणीचे लॉट बाजूला निघाले. माझा जीव भांड्यात पडला. व्यवस्थापक उशिरावरून तणतणत आले तेव्हा सर म्हणाले, "साहेब, मीच थांबवलं यांना." संतोषचं नाव त्यांनी निघू दिलं नाही. संतोष आजही हे सांगताना हळवे होतात.

पेरणीनंतर गावी गेले. वडील बांधावरूनच म्हणाले, "बी चांगलं निघालं बाई. कुठंच जागा रिकामी ऱ्हायली न्हाई, नांग्या भराव्या लागल्या न्हाईत." मला एकदम रडूच आलं. त्यांना कारण कळेना.

सर, आपण साठी पूर्ण करत आहात. आपली प्रकृती ठणठणीत राहो, नव्या मुलांना वैताग देत आपण खूप वर्षं शिकवत राहावं. त्या वर्षी ज्यांच्या शेतात ओळी भरून आल्या, त्यांना आपलं नाव ठाऊक नाही. त्या सगळ्यांच्या वतीनं हा माझा नमस्कार.